गालाचं अस्तर

सरांना मी शेवटचं पाहिलं तेव्हा त्यांच्या हनुवटीखालून डोक्यावर नेऊन एक पांढरी पट्टी बांधलेली होती. गेलेल्या माणसाचा जबडा उघडा राहू नये म्हणून बांधतात तशी. मी दारातच थांबले. ज्या माणसानं उभा जन्म दिसेल त्याला 'आ कर' म्हटलं, त्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. मला उगीचच वाटलं की ती गाठ कुणीतरी सोडावी आणि आत एकदा बघून घ्यावं. असले विचार अशा वेळी मनात येतात आणि कुणाला सांगता येत नाहीत.

माझ्या शेजारी अण्णा उभे होते. अण्णा म्हणजे माझे वडील. सरांचं आणि त्यांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. तरी सकाळी फोन आला तेव्हा मी काही म्हणायच्या आत त्यांनी खुंटीवरचा फेटा काढला होता.

सर आम्हाला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचे. कॉलेज उमापूरच्या बाजूला होतं, आमच्या वस्तीपासून एसटीनं पाऊण तासावर. सर उंच, वाळलेले, कायम पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. खिशात दोन पेनं आणि त्यांच्या मधोमध पेनाएवढीच एक बारीक बॅटरी. बॅटरीचं झाकण सैल होतं म्हणून तिला रबर गुंडाळलेलं.

त्यांचे वडील शिंपी होते. धर्मापुरीला देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांचं दुकान होतं. त्यामुळे असेल, सरांना कुठल्याच वस्तूची बाहेरची बाजू खरी वाटत नसे. कुणी नवी पिशवी दाखवली की ते आधी ती उलटी करत. लग्नाला गेले की नवरदेवाच्या हातात हात देण्याआधी त्याच्या कोटाची कड उलटून अस्तर बघत, 'टिकंल' किंवा 'दोन धुण्यांत जाईल' असं सांगत आणि पंगतीला जाऊन बसत. नवरदेव कोटाकडे बघत राही. "गिऱ्हाईक बाहेरून बघतं, शिंपी आतून बघतो," हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यांनी 'गिऱ्हाईक' म्हटलं की मागच्या बाकावरची पोरं उरलेलं पूर्ण करायची.

असा माणूस अभिस्तर ऊतींच्या धड्यावर येऊन अडकला नसता तरच नवल. पुस्तकात तो धडा मोजक्या पानांचा. सर तो दिवाळीच्या आधी सुरू करत आणि संक्रांतीला तिळगूळ वाटताना कधीतरी संपवत. मग पुढचा सगळा अभ्यासक्रम धावतपळत. प्राचार्य दरवर्षी त्यांना बोलावून समज देत आणि सर दरवर्षी कबूल करत की हो, चूक झाली.

"शरीराला जिथं जिथं बाजू हाय, तिथं तिथं अस्तर हाय," ते सांगत. "बाहेरून हाय, आतून हाय. नळी असंल तर नळीला हाय, पिशवी असंल तर पिशवीला हाय. आन् जसं काम, तसं कापड." मग फळ्यावर चित्रं. फुप्फुसातल्या फुग्यांचं पट्टकी अभिस्तर म्हणजे शहाबादी फरशी, एकाच थराची, इतकी पातळ की वारा पलीकडं जावा. मूत्रपिंडाच्या नळ्यांमधलं घनाभरूप म्हणजे साबणाच्या वड्या ओळीनं मांडलेल्या. आतड्यातलं स्तंभीय म्हणजे कडब्याच्या पेंढ्या उभ्या केलेल्या, एकीला एक खेटून. श्वासनळीतलं रोमक म्हणजे वाऱ्यावरची बाजरी. फक्त इथं वारा बाजरीला हलवत नाही, बाजरीच धूळ हलवून वर लोटते. मूत्राशयाचं अस्तर पिशवी रिकामी असताना जाड, भरल्यावर ताणून पातळ. आणि जिथं घासाघीस आहे तिथं स्तरित, म्हणजे थरावर थर. वरचा थर झिजून जातो, खालून नवा येतो. या सगळ्यांच्या खाली एक पातळ पडदा असतो. त्याला सर 'चटई' म्हणत. सगळ्या पेशी चटईवर बसलेल्या. अस्तराला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. जे काही मिळतं ते चटईच्या खालून झिरपून मिळतं.

"अस्तरात काही बिघाड झाला आन् तो चटईच्या वरच असला, तर निभावतं," एकदा ते म्हणाले. "चटईच्या खाली उतरला की..." एवढं बोलून त्यांनी खडू ठेवला आणि हात झटकले. वाक्य पुरं केलं नाही. मी ते वहीत तसंच अर्धवट लिहून घेतलं.

त्यांची हजेरी तर सगळ्या तालुक्यात माहीत होती. ते नावं घेत नसत. जूनमध्येच प्रत्येकाला शरीरातली एकेक जागा वाटून देत आणि वर्षभर त्याच जागेनं हाक मारत. आपण 'हजर' म्हणायचं नाही. आपल्या जागेचं अस्तर सांगायचं.

"श्वासनलिका?"

"रोमक, सर!"

"लहान आतडं?"

"स्तंभीय, सर."

"मोठ्यानं बोल की बे. आतडं रिकामं हाय का?"

वर्ग हसायचा. ज्याला आतडं मिळालं होतं त्या पोराला दोन वर्षांत कुणी नावानं हाक मारली नाही. एखादा आला नाही तर सर तोंड बारीक करून म्हणायचे, "आज मूत्रपिंड न्हाई. सांभाळून राहा."

माझ्या वाट्याला गाल आला होता. गालाची आतली बाजू. "स्तरित पट्टकी, केराटिन नसलेलं, सर." केराटिन म्हणजे कातडीला, नखाला कडकपणा देणारं द्रव्य. टाचेला ते असतं, गालाच्या आतून नसतं. तिथं सगळं ओलं, मऊ, जिवंत पेशींचं. टाच मिळालेली मुलगी माझ्याच बाकावर बसायची. "आपण दोघी बहिणी," ती म्हणायची, "मी थोरली, उन्हातानात फिरलेली."

एकदा सर आम्हाला धर्मापुरीला देऊळ बघायला घेऊन गेले. सगळे शिल्पं बघत होते आणि सर आम्हाला उंबऱ्याशी बसवून म्हणाले, हात फिरवा. दगड मधोमध झिजून खोलगट झाला होता. मग म्हणाले, आता आपापल्या टाचेवर हात फिरवा. "दगडावर पाय पडले, दगड झिजला. पाय दगडावर पडले, पाय जाड झाला. हा फरक ध्यानात ठेवा. जित्या वस्तूला घासलं की ती थर चढवती." थोडं थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी तेव्हा मला फार महत्त्वाची वाटली नाही. "पण जिथं थर नको तिथं थर चढला, तर समजायचं की तिथं कुणीतरी रोज घासतंय."

आणि ते 'आ कर'. सरांना तंबाखू, मावा, गुटखा खाणारा माणूस लांबून ओळखू यायचा. बाजारात, एसटी स्टँडवर, दहाव्याला, बारशाला. खिशातून बॅटरी निघायची. "आ करा." लोक त्यांना 'आ मास्तर' म्हणत. काहीजण हसत आणि उघडत, बरेचजण शिव्या देत. कॉलेजात प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला तालुक्याचे एक पुढारी आले होते. गालात पुडी धरूनच त्यांनी फीत कापली. हार घालायला सरांना पुढं केलं, तर सरांनी हार घातला, बॅटरी काढली आणि म्हणाले, "साहेब, आ करा." मंडप गार पडला. पुढाऱ्यांच्या मागचा एकजण पुढं आला, "ए मास्तर, येड लागलं का बे?" पण पुढारी दिलदार निघाले. "राहू दे रे," ते म्हणाले, "माझं तोंड बंद करणारे लई बघितले. उघड म्हणणारा ह्योच पहिला." आणि त्यांनी खरंच आ केला. सरांनी माईकसमोर वाकून सावकाश बघितलं आणि सांगितलं, "सध्या बरं हाय. सोडलं तर बरंच राहील." त्यानंतर सरांना स्टेजवर कधी कुणी बोलावलं नाही.

आम्ही हसायचो. मीही हसले होते. पण घरी गेल्यावर मला हसू यायचं नाही, कारण घरी अण्णा होते.

आमची थोडी कोरडवाहू जमीन होती आणि मेंढरं होती. अण्णा पहाटेपासून मेंढरांमागं, आणि डाव्या गालात तंबाखू-चुन्याचा बार. मला कळायला लागल्यापासून त्यांचा डावा गाल थोडा फुगलेलाच मी पाहिला होता. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी ठेचा सोडला. आधी म्हणाले पित्त झालंय. मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागले. म्हणाले दाढ दुखतीय. आईनं लवंग दिली. जेवताना ते पाठ करून बसू लागले. मोठा घास घेता येत नव्हता, हे मी बघत होते. मी वहीत गालाचं चित्र काढत होते, थर मोजत होते, आणि चार हातांवर माझा बाप भाकरीचे नखाएवढे तुकडे करत होता. विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं नाही तोवर ते नव्हतं, असं काहीतरी माझ्या मनात असावं. असे दोन महिने गेले. ते दोन महिने मी अजूनही मोजते.

संक्रांतीच्या सुमारास सरांनी गालाच्या पेशींचं प्रात्यक्षिक घेतलं. चूळ भरायची, दात कोरायच्या काडीनं गालाच्या आतून हलकेच खरवडायचं, ते काचपट्टीवर पसरायचं, वर निळ्या रंगाचा थेंब. आदल्या दिवशी मी प्रयोगशाळेतून एक काचपट्टी चोरली. आयुष्यातली पहिली चोरी. घरी अण्णांना म्हटलं, "सरांनी घरच्या माणसाच्या गालातलं थोडं खरवडून आणायला सांगितलंय."

अण्णांना माझ्या शिक्षणाचं भारी कौतुक. त्यांनी लगेच तोंड उघडलं, जितकं उघडत होतं तितकं, आणि उजवा गाल पुढं केला.

"डावीकडचं पाहिजे."

"दाढ हाय तिकडं."

"दाढेला न्हाई लावत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली. आत मला पांढरं दिसलं. जुन्या भिंतीवर चुन्याचा पोपडा धरावा तसं. मी काडी फिरवली. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते 'हं' सुद्धा म्हणाले नाहीत. ती काच मी वहीच्या कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवशी एसटीत मांडीवर धरून नेली, आणि माझी म्हणून सरांपुढं ठेवली.

सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून प्रत्येकाची काच बघत आणि खुश होऊन ओरडत, "ह्यो बघा केंद्रक! निळा ठिपका! जिती पेशी!" माझ्या काचेला ते काही बोलले नाहीत. आरसा हलवला. काच सरकवली. पुन्हा सरकवली. मागची मुलं चुळबुळ करायला लागली.

"चूळ भरली होतीस?"

"हो, सर."

त्यांनी माझ्या वहीवर पूर्ण गुण लिहिले, काच कागदात गुंडाळून खिशात घातली आणि म्हणाले, "पुढचा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीत माझी जागा आली.

"गाल?"

"स्तरित पट्टकी, केराटिन नसलेलं, सर."

सरांनी मान वर केली. "नक्की?"

मी खाली बसले. वर्गाला काही कळलं नाही. तास संपल्यावर त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं आणि दार उघडंच ठेवून समोर स्टूल दिलं.

"त्या पेशी तुझ्या न्हाईत," ते म्हणाले. "निम्म्या पेशींना केंद्रकच न्हाई. सगळं केराटिन. सतरा वर्षांच्या पोरीच्या गालाला टाच कावून येईल? कुणाच्या हायेत?"

"अण्णांच्या."

"कदीपासून?"

"दिवाळीपासून तिखट सोडलंय."  मग मी विचारलं, "सर, कॅन्सर आहे का?"

"ते ह्या दुर्बिणीनं कळत न्हाई. मला तर न्हाईच कळत. हे नीट ध्यानात ठेव. हिच्यातून नुसती भीती दिसती. खरं बघायला डॉक्टरला तुकडा काढून तपासावा लागतो." त्यांनी खिशातली बॅटरी काढून रबर नीट केलं आणि पुन्हा ठेवली. "उद्या रविवार. घरी असतेत का अण्णा?"

सर आले तेव्हा अण्णा मेंढरांच्या वाड्यात मोजणी करत होते. त्यांना सर कशासाठी आलेत हे लगेच कळलं असणार, कारण त्यांनी राम राम केला आणि पाठ फिरवली. मला वाटलं, आता बॅटरी निघेल आणि अण्णा त्यांना हाकलून देतील. पण सरांनी बॅटरी काढलीच नाही. ते कुंपणावर हात टेकून उभे राहिले.

"मेंढराचं वय कसं वळखता हो?"

"दातावरून." अण्णांनी एक मेंढी मांडीत धरली आणि अंगठ्यानं तिचा ओठ वर केला. "ही बगा, चार दाती."

"तोंड कशाला कशाला बघता? वयालाच?"

"न्हाई तर! लाळ्या आला तर आदी तोंडातच दिसतो. जिभीला फोड येतेत. आठ दिसाला समद्यायची तोंडं बगायची, आमच्या बापापासनं रीत हाय."

"आन् दिसला तर?"

"तर बाजूला काढायचं, औषद करायचं. लवकर दिसला तर वाचतं."

"उशिरा दिसला तर?"

अण्णांनी मेंढी सोडून दिली. ती कळपात घुसली.

"मालकाचं तोंड कोण बघतं?" सरांनी विचारलं.

अण्णांनी हातावरची लोकर झटकली. मग म्हणाले, "मास्तर, आमच्या मावसभावाचा असाच तुकडा काढला होता. चाकू लागला आन् पसरलं. सा म्हैन्यात गेला. हात न्हाई लावला तर ऱ्हातं माणूस."

ही समजूत आमच्याकडे घरोघर आहे. चाकू लागला की पसरतं. वास्तविक चाकूपर्यंत लोक पोचतात तेच बिघाड चटई ओलांडून गेल्यावर. मला हे सगळं बोलायचं होतं, पण सर माझ्याकडे वळून म्हणाले, "जा गं, चहा टाक."

मी चहा घेऊन आले तेव्हा अण्णा दगडावर बसले होते, तोंड उघडून, आणि सर बॅटरी धरून वाकले होते. अण्णांनी स्वतःची बोटं उभी करून दातांमध्ये घातली. निरोगी माणसाच्या तोंडात तीन मावतात. दोनच गेली. मधल्या दहा मिनिटांत सरांनी काय सांगितलं हे मी पुढं कितीदा विचारलं. अण्णा म्हणायचे, "काय न्हाई, आसंच." सर म्हणायचे, "तुझ्या चहात साखर कमी होती."

सोमवारी सर रजा टाकून आमच्यासोबत बीडला आले, आणि तुकड्याचा निकाल आल्यावर औरंगाबादलाही आले. तेव्हा त्या शहराचं तेच नाव होतं. डाव्या गालाचा आतला भाग काढला आणि तिथं छातीवरची कातडी बसवली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन बसले. दोन महिने उशीर केला होता हे मी कुणालाच सांगितलं नाही.

वर्षभरात अण्णांच्या गालात, आतल्या बाजूला, केस उगवले. छातीवरच्या कातडीचे केस. अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिभेला सारखे टोचायचे. सरांना हे समजलं तेव्हा ते पुढच्याच बाजारी धावत आले, बॅटरी लावून बघितलं आणि इतके हसले की आई चुलीपासून उठून आली.

"मास्तर, मला तोंडात दाढी आली आन् तुमाला हसू येतंय?"

"अण्णा, कातडी छातीची ती छातीचीच राहिली हो! गाव सोडलं, सवय सोडली न्हाई. समदं आयुष्य शिकवलं, पर हे असं डोळ्यानं कदी बगितलं न्हवतं!" मग हसू आवरून त्यांनी केस कापायला आखूड, बोथट टोकाची कात्री आणून दिली. वडिलांच्या दुकानातली.

ऑपरेशननंतर तोंड आखडत जातं. डॉक्टरांनी लाकडी काड्यांचा व्यायाम दिला होता: आइस्क्रीमच्या चपट्या काड्यांची चळत दातांत धरायची, दर आठवड्याला एक वाढवायची. दुखायचं, म्हणून अण्णा टाळायचे. सर दर बाजाराला काड्या घेऊन येत. वर्गातल्या मुलांना त्यांनी कामाला लावलं होतं. आइस्क्रीम खा आणि काडी धुऊन आणा. असं करत करत अण्णा अडीच बोटांपर्यंत आले. तीन कधी झाली नाहीत. मी शिकून ग्रंथपाल झाले, तालुक्याला राहायला गेले, तरी हे चालूच होतं. बाजारात भेटले की सर म्हणत, "आ करा," आणि अण्णा म्हणत, "मान्सात न्हाई, मास्तर." मग दोघं कापडाच्या दुकानामागं जात. बाहेर आले की सर हवेत अडीच बोटं दाखवत मला लांबूनच कळवत.

दोन वर्षांपूर्वी हे तुटलं, आणि चूक सरांची होती. नारायणगडाच्या यात्रेत प्रसादाच्या रांगेत ते चार तरुण पोरांना पुड्यांवरून समजावत होते. पोरं ऐकेनात. तेवढ्यात त्यांना रांगेत अण्णा दिसले. त्यांनी अण्णांचा दंड धरून पुढं आणलं. "हे बघा, हे वेळेत आले म्हणून वाचले. अण्णा, आ करा. ह्यांना केस दाखवा." पोरं हसली. कुणीतरी मोबाईल वर केला. अण्णांनी तोंड मिटलं. सरांनी पुन्हा म्हटलं, "कराच." त्यांना पोरं दिसत होती, अण्णा दिसत नव्हते.

"मी काय तुमची काच हाय का, मास्तर?" अण्णा म्हणाले, आणि प्रसाद न घेता गड उतरले.

सर दोनदा घरी आले. अण्णा वाड्यातून बाहेर आले नाहीत. तिसऱ्यांदा सर आले नाहीत. मला दोघांचाही राग आला, पण रागापेक्षा भीती मोठी होती, कारण त्या दिवसापासून अण्णांनी दवाखान्यात जाणंही सोडलं. वर्षाची तपासणी चुकली, मग दुसरीही. मी म्हटलं की ते म्हणत, "बरं हाय मला." तंबाखू त्यांनी कधीच सोडली होती. पण परवा मी सुट्टीला घरी आले होते, त्यांनी कालवण मागं सारलं आणि पाणी प्यायले, तेव्हा माझ्या हातातला घास हातातच राहिला. जास्त तिखट झालं होतं का, हे मी आईला तीनदा विचारलं.

त्या दिवशी सरांना पोचवून सगळं आटोपल्यावर आम्ही निघालो तेव्हा सरांच्या पत्नींनी मला थांबवलं. हातात बॅटरी होती. रबर नवं होतं.

"ही तू ठेव," त्या म्हणाल्या. मग अण्णांकडे बघून, "गेल्या म्हैन्यात हे बाजारात तुमाला लांबून बघून आले व्हते. घरी येऊन म्हणले, आज अण्णानं चांगली जांभई दिली. अडीच बोटं उघडतंय अजून. दोन घास जास्त जेवले त्या दिशी."

अण्णांनी हात जोडले.  घरी आल्यावर आंघोळ करून ओट्यावर उन्हात बसले. मी आतून पाणी आणून दिलं. तांब्या बाजूला ठेवून ते म्हणाले, "तुला चहा टाकाया लावला व्हता, तवा मास्तर काय म्हणले, सांगू का?"

मी खाली बसले.

"म्हणले, माजा बाप मशिनीवर बसून गालात तंबाकू धरायचा. मी कालिजात गालाचं चित्र काडलं, समद्यात जास्त मार्क पडले. सुट्टीला घरी आलो, बापाला चित्र दाखवलं. त्यानं बोट लावून इचारलं, ह्ये काय, ह्ये काय. मी समदं सांगितलं. पर त्याला 'आ कर' म्हणलो न्हाई. बापाला कसं म्हणावं, लाज वाटली. पुढं बाप त्यातच गेला." अण्णांनी तांब्यातून एक घोट घेतला. "मंग म्हणले, तुमच्या पोरीला लाज वाटली न्हाई. काडी घालून काच घेऊन आली. आता तुमी तोंड मिटलं तर तिनं कुठं बगावं?"

वाड्यात मेंढरं पाण्यासाठी ओरडत होती. अण्णांनी ऊन नीट तोंडावर येईल असं बूड सरकवलं.

"बग," ते म्हणाले, आणि आ केला.

मी बॅटरी लावली.  डावीकडे छातीची फिकी कातडी, तिच्यावर आखूड पांढरे झालेले केस. तेही म्हातारे झाले होते. उजवा गाल मी वरून खालपर्यंत बघितला, मग जिभेची कड, मग पुन्हा गाल. लाल, ओला, मऊ दिसत होता. मागं दाढेपाशी एक फिकट ठिपका होता, किंवा उजेडाची चमक होती. मी बॅटरी हलवली, तर तो हलल्यासारखा वाटला. पुन्हा बघितलं, तर होता तिथंच होता. मला कळेना. सरांना तरी कळलं असतं का, कोण जाणे. ते हेच म्हणाले असते की हिच्यातून नुसती भीती दिसती.

"सोमवारी बीडला जाऊ, अण्णा," मी म्हणाले. "डॉक्टरांना दाखवू."

अण्णांनी तोंड मिटलं नाही. उघड्या तोंडानंच 'हं' म्हणाले आणि मी अजून बघतेय असं समजून तसेच बसून राहिले.